जुनी टॅक्सी, नवी टॅक्सी

मुंबईला गेला असाल, तर काळीपिवळी टॅक्सी तुम्ही नक्की पाहिली असेल. मुंबईला गेला नसाल, तरी जुन्या हिंदी सिनेमात ती पाहिली असेल. अंग काळे, टप पिवळा, पुढे दोन गोल दिवे आणि टपावर सामान ठेवण्यासाठी लोखंडी कॅरियर. अशा ज्या टॅक्सी कित्येक वर्षे मुंबईभर धावत होत्या, त्यांतल्या बहुतेक गाड्यांचे नाव होते प्रीमियर पद्मिनी. टॅक्सीवाले मात्र तिला 'फियाट' म्हणत.

आमच्या गल्लीत एक टॅक्सीवाले राहतात. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. मीही म्हणतो. चाचांनी १९९९ साली पद्मिनी घेतली आणि वीस वर्षे ती चालवली. वीस वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर चालवायची नाही, असा नियम झाला होता. त्यामुळे २०१९ च्या शेवटी त्यांच्या गाडीची मुदत संपली. चाचांनी कर्ज काढले आणि नवी वॅगन-आर घेतली. भंगारवाला जुनी गाडी न्यायला चार दिवसांनी येणार होता. ते चार दिवस दोन्ही टॅक्सी आमच्या गल्लीत शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक गोल गोल, जुन्या वळणाची. दुसरी उंच आणि उभट. गल्लीतली मुले दोन्ही गाड्यांभोवती गोळा होत.

एका संध्याकाळी चाचांनी मला हाक मारली.

"बेटा, इकडे ये. ऐक जरा."

त्यांनी जुन्या गाडीच्या बॉनेटवर बोटांनी टकटक केले. 'ठण' असा भरीव आवाज आला. मग त्यांनी नव्या गाडीच्या दारावर टकटक केले. 'डब' असा पोकळ आवाज आला.

"ऐकलेस ना? हे लोखंड," चाचा म्हणाले, "आणि हा डबा! या डब्यासाठी मी पाच वर्षे हप्ते भरायचे? उद्या कोणी येऊन धडकले, तर आत माणूस उरेल का?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे चाचांना वाटले, की मी लगेच उत्तर देईन. पण या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी दोन्ही गाड्या नीट पाहायला हव्यात. आम्ही पुढचे तीन दिवस तेच केले.

आधी जुनीची गोष्ट. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. त्यांतलीच एक 'फियाट ११०० डिलाइट' १९६४ पासून इथे तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. त्या काळी आपल्या देशात मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंतर नव्या गाड्या आल्या, पद्मिनीची मागणी कमी झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. चाचांची पद्मिनी १९९९ साली बनली, पण तिचा आराखडा इटलीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला होता. नंतर त्यात बारीकसारीक फरक झाले. मूळ यंत्र तेच राहिले. म्हणजे कागदावर या दोन टॅक्सींमध्ये वीस वर्षांचे अंतर होते, पण खरे अंतर जवळजवळ साठ वर्षांचे होते! गल्लीत मला हे कोणी सांगितले नव्हते. हिशेब केला तेव्हा माझे मलाच आश्चर्य वाटले.

आम्ही टेप घेऊन गाड्या मोजल्या. जुनी सुमारे ३.९ मीटर लांब भरली. नवी साडेतीन मीटरपेक्षा थोडीच जास्त, म्हणजे ३.६५ मीटर. पण उंचीत नवीने बाजी मारली. ती जुनीपेक्षा सुमारे वीस सेंटिमीटर उंच आहे. चाचांच्या अम्मींचे गुडघे दुखतात. जुन्या गाडीत बसताना त्यांना वाकून खाली उतरल्यासारखे बसावे लागे. नव्या गाडीत त्या खुर्चीवर बसावे तशा बसल्या. "ही अच्छी आहे," असे त्या लगेच म्हणाल्या. चाचा गप्प राहिले.

लांबी कमी असूनही नव्या गाडीत आतली जागा कमी वाटत नाही. याचे कारण गाडीच्या पोटात आहे. पद्मिनीचे इंजिन पुढे होते, पण त्याची ताकद मागच्या चाकांना मिळत असे. ती ताकद मागे नेण्यासाठी गाडीखालून एक लांब दांडा जात असे. त्या दांड्याला जागा मिळावी म्हणून गाडीच्या जमिनीवर मधोमध उंचवटा ठेवावा लागे. मागे तिघे बसले, की मधल्याचे पाय त्या उंचवट्यावर! नव्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असते आणि ते पुढचीच चाके फिरवते. मागे जाणारा दांडा नाही. म्हणून तसा उंचवटाही नाही. इंजिन आडवे असल्यामुळे पुढचा भागही आखूड झाला.

मात्र सामानाच्या बाबतीत जुनी गाडी सरस होती, असे माझे मत आहे. डिकीत सीएनजीची टाकी दोन्ही गाड्यांत होती. पण पद्मिनीच्या टपावरचे ते कॅरियर! दोन ट्रंका, एक गादी आणि आंब्याची पेटी घेऊन माणसे स्टेशनवरून घरी येत, ती त्या कॅरियरच्या भरवशावर.

आता बॉनेट उघडू या.

इंजिन चालायचे असेल, तर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे पंधरा भाग, असे वजनाचे प्रमाण हवे. पेट्रोल जास्त झाले, तर धूर होतो आणि पैसे वाया जातात. कमी झाले, तर इंजिन धापा टाकते. जुन्या गाडीत हे मिश्रण कार्बोरेटर नावाचे साधन तयार करी. डास मारण्याचा जुना फवारा तुम्ही पाहिला असेल. दट्ट्या ढकलला, की हवा नळीच्या तोंडावरून जोराने जाते आणि खालच्या डब्यातले औषध वर ओढले जाऊन त्याचे बारीक थेंब होतात. कार्बोरेटरचे तत्त्व तेच. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. ना वीज, ना संगणक! साधी आणि हुशार युक्ती आहे.

पण कार्बोरेटर आंधळा असतो. इंजिन गार आहे की गरम, हे त्याला कळत नाही. म्हणून थंडीच्या सकाळी चाचा 'चोक'ची मूठ ओढत. चोक ओढला, की हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. मूठ कधी आत ढकलायची, हे चाचा इंजिनाच्या आवाजावरून ठरवत. नव्या गाडीत चोकची मूठ नसते. तिथे एक छोटा संगणक असतो. हवा किती आत आली, इंजिन किती तापले, पायाखालचे पेडल किती दाबले, हे सारे तो मोजतो. धुराच्या नळीत एक साधन असते. ते धुरात प्राणवायू किती उरला आहे, ते सांगते. त्यावरून संगणक ठरवतो, की आता किती इंधन सोडायचे. हे सगळे दर क्षणी चालू असते.

याचा परिणाम पाहा. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते आणि त्याची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती होती. वॅगन-आरचे इंजिन ९९८ घनसेंटिमीटरचे, म्हणजे थोडे लहानच. पद्मिनीत चार सिलिंडर, हिच्यात तीन. तरीही पेट्रोलवर ते ६७ च्या आसपास अश्वशक्ती देते. सीएनजीवर थोडी कमी. लहान इंजिन, जास्त काम. यात जादू नाही. इंधनाचा थेंब न थेंब कामाला लावला, एवढेच.

हवेच्या प्रश्नातही फरक आहे. नव्या गाडीच्या धुराच्या नळीत आणखी एक भाग असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला तो एक ठोकळा असतो. त्याच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू या छिद्रांतून जाताना बदलतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. नायट्रोजनची घातक संयुगेही मोडतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. शिशामुळे हा ठोकळा निकामी होतो, आणि मुलांच्या मेंदूलाही शिशाने अपाय होतो. आपल्या देशात शिसे घातलेले पेट्रोल २००० साली बंद झाले. चाचांच्या पद्मिनीला पुढे सीएनजीचे किट बसले, त्यामुळे तिचा धूर आधीपेक्षा बराच कमी झाला होता, हेही सांगायला हवे. मुंबईतल्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजीवर आल्या. सिग्नलला दिवसभर उभे राहणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या छातीत सगळ्यांत आधी कोणाचा धूर जातो? त्याच्या पुढच्या टॅक्सीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रेकविषयी बोललो. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे बंद डबी. ब्रेक दाबला, की आतल्या पट्ट्या डबीच्या भिंतीवर घासतात. घाट उतरताना ही डबी तापते, उष्णता बाहेर पडत नाही आणि ब्रेक कमी लागतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबले आणि डबीत पाणी गेले, तरी तेच. नव्या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत. डिस्क म्हणजे उघडी तबकडी. तिला वारा लागतो, पाणी लगेच उडून जाते. म्हणून ती लवकर थंड आणि कोरडी होते.

त्याशिवाय नव्या गाडीत एबीएस नावाची सोय आहे. एप्रिल २०१९ पासून ती भारतातल्या सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिचे काम असे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर चाक फिरायचेच थांबते आणि गाडी घसरत पुढे जाते. घसरणारी गाडी वळत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाणार! जुने चालक यावर एक उपाय करत. ते ब्रेक एकदम दाबून ठेवत नसत. दाब, सोड, दाब, सोड, असे पायाने करत. त्यामुळे चाक अडकत नसे. एबीएस हेच काम करते, पण एका सेकंदात कितीतरी वेळा.

"म्हणजे मी जे पायाने करतो, ते मशीन करते?" चाचांनी विचारले.

"हो. म्हणून आता तुम्ही ते करायचे नाही. संकट आले, तर ब्रेक पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पायाखाली थरथर जाणवेल. तिला घाबरून पाय उचलायचा नाही."

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे ते टॅक्सी चालवत होते. दाब-सोड, दाब-सोड ही त्यांच्या पायाची सवय होती. त्या सवयीने त्यांना अनेकदा वाचवले होते. आणि आज मी त्यांना सांगत होतो, की तीच सवय नव्या गाडीत धोक्याची आहे. नवे यंत्र घरी आले, की जुन्या माणसाला नुसते नवे शिकावे लागत नाही. जे उत्तम येते, ते विसरावेही लागते. हे दुसरे काम जास्त कठीण असते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मूळ प्रश्नाकडे आलो. लोखंड की डबा?

समजा, एक गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने चालली आहे. हा काही फार मोठा वेग नाही. पण या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, जमिनीवर पडणे. हा हिशेब तुम्ही नववी-दहावीत स्वतः करून पाहू शकाल. गाडी भिंतीला लागून थांबते. आतला माणूस मात्र थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला कोणीतरी थांबवावे लागते. प्रश्न एवढाच, की किती अंतरात थांबवायचे?

काचेचा पेला हातातून फरशीवर पडला, तर फुटतो. तोच पेला जाड गोधडीवर पडला, तर फुटत नाही. उंची तीच, पेला तोच. फरशीने त्याला एका क्षणात थांबवले. गोधडी दबली, तिने त्याला थोड्या जास्त अंतरात थांबवले. थांबायला मिळालेले अंतर चौपट झाले, की धक्क्याचा जोर चौथा हिस्सा उरतो.

आता गाडीचा पुढचा भाग पाहा. तो जर दगडासारखा कडक असेल, तर टकरीत तो चेपत नाही. गाडी एकदम थांबते आणि सगळा धक्का माणसाला बसतो. तो भाग जर ठरवलेल्या पद्धतीने चेपत गेला, तर तीच गोधडी होते. पण माणूस बसतो ती जागा मात्र अजिबात चेपता कामा नये. म्हणजे गाडीचे नाक मऊ हवे आणि पिंजरा कडक हवा. बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने ही कल्पना मांडली. तो मर्सिडीज-बेंझ गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीत काम करत होता. १९५९ साली त्या कंपनीने या पद्धतीची गाडी बाजारात आणली. आज सर्व मोटारी याच तत्त्वावर बनतात. म्हणून टकरीनंतर नव्या गाडीचे नाक चुरगळलेले दिसते. लोक म्हणतात, "पाहा, कागदासारखी फाटली!" त्यांनी गाडीचे नाक पाहिलेले असते. आतला माणूस चालत बाहेर आला का, हे विचारायला हवे.

बॉनेटवर टकटक करून जो आवाज येतो, तो बाहेरच्या पत्र्याचा. तो पत्रा जाड असला काय आणि पातळ असला काय, टकरीत त्याचा फारसा उपयोग नसतो. खरा भार पत्र्याआडचे पोलादी खांब घेतात, आणि त्यांच्यावर बोटांनी टकटक करता येत नाही.

चाचांची ही शंका एकट्या चाचांची नाही. 'पूर्वीच्या गाड्या मजबूत होत्या' असे जगभरची माणसे म्हणतात. अमेरिकेत रस्ते-सुरक्षेचे संशोधन करणारी एक विमा कंपन्यांची संस्था आहे. २००९ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. तेव्हा तिने एक प्रयोग केला. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर ही भलीमोठी जुनी गाडी घेतली आणि त्याच कंपनीची २००९ सालची मॅलिबू ही नवी गाडी घेतली. दोघींचे वजन जवळपास सारखे होते. दोघींत चालकाच्या जागी माणसाच्या आकाराचे पुतळे बसवले. आणि ताशी ६४ किलोमीटर वेगाने दोन्ही गाड्या समोरासमोर एकमेकींवर सोडल्या!

जुन्या गाडीचे लांब नाक, जाड लोखंड, चमकणारे बंपर, सगळे होते. पण धडक बसताच तिचा माणसाचा पिंजराच कोसळला. स्टिअरिंग पुतळ्यावर आले. त्या जागी खरा माणूस असता, तर तो वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पूर्ण चेपले, पण पिंजरा तसाच राहिला. तिच्या चालकाच्या पायाला थोडी इजा झाली असती, एवढेच.

मी ही हकिकत सांगितली तेव्हा गल्लीतला एक मुलगा म्हणाला, "मग सर, चाचांची नवी गाडी एकदम सुरक्षित आहे ना?"

मी "हो" म्हणू शकलो नाही. कारण ते खरे झाले नसते. २०१९ मध्येच ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही गाड्या भिंतीवर आदळून तपासल्या. तेव्हा वॅगन-आरला पाचपैकी दोनच तारे मिळाले. नवी आहे म्हणून गाडी सर्वांत चांगली असते, असे नाही. सर्व नव्या मोटारींना टकरीच्या चाचणीत पास होण्याची सक्ती आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये लागू झाली. गाड्यांना तारे देणारी आपली स्वतःची भारत एनकॅप ही योजना त्यानंतर चार वर्षांनी, २०२३ मध्ये सुरू झाली. आता गाडी घेताना "किती देते?" हे विचारतात, तसे "तारे किती?" हेही विचारता येते. साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

आणि पट्टा. सीटबेल्ट बांधायला चाचांचा जुना विरोध होता. "गर्दीत गाडी तीस-चाळीसच्या वर जात नाही. पट्टा कशाला?" पण नाक चेपून जे अंतर मिळते, ते पट्टा बांधलेल्या माणसालाच मिळते. पट्ट्यामुळे माणूस गाडीबरोबर हळूहळू थांबतो. पट्टा नसेल, तर गाडी थांबून गेल्यावर तो काचेवर जाऊन आदळतो. गाडीचे चेपणे फुकट जाते. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन या अभियंत्याने तयार केला, तोही १९५९ सालीच. कंपनीने तो इतर सर्वांना वापरू दिला. नव्या गाडीत चालकापुढे हवेची पिशवी आहे. धडकेनंतर ती पापणी लवायच्या आत फुगते. पण तीही पट्ट्याची मदतनीस आहे. पट्टा न बांधता पुढे झेपावणाऱ्या माणसाला तीच पिशवी इजा करू शकते.

चाचांनी सगळे ऐकले. ते म्हणाले, "बेटा, तू सांगतोस ते बरोबर असेल. पण माझी जुनी गाडी रस्त्यात बंद पडली, तर मी पाच मिनिटांत सुरू करायचो. ही बंद पडली तर?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चाचांच्या डिकीत एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, थोडी तार आणि पॉलिश पेपरचा तुकडा असे. तेवढ्यावर ते कार्बोरेटर साफ करत, ठिणगी देणारे पॉइंट घासत, तुटलेला पट्टा बदलत. कोपऱ्यावरच्या गॅरेजातले उस्ताद तर इंजिनाजवळ कान नेत आणि बिघाड सांगत. दहा वर्षे शागिर्दी करून त्यांनी तो कान कमावला होता. नव्या गाडीत बिघाड झाला, की पुढे एक पिवळा दिवा लागतो. मग एक यंत्र गाडीला जोडायचे. पडद्यावर आकडा येतो. त्या आकड्याचा अर्थ ज्याला कळतो, तो आजचा उस्ताद. आमच्या उस्तादांनी ते यंत्र विकत घेतले आहे. त्यावरचे इंग्रजी वाचायला त्यांचा मुलगा मदत करतो. तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकतो आहे. पण आकडा आल्यावरही उस्ताद एकदा कान लावून पाहतातच. माझ्या मते ते योग्य करतात.

चौथ्या दिवशी भंगारवाला आला. "गाडी कुठे नेणार?" मी विचारले. "कुर्ल्याला," तो म्हणाला. कुर्ल्यात जन्मलेली गाडी तोडायलाही कुर्ल्यालाच निघाली होती. चाचांनी आतून मीटरचे झाकण उचलले, पुन्हा ठेवले. मग गिअरच्या दांड्याची मूठ फिरवून काढली आणि खिशात टाकली. वीस वर्षांत ती मूठ घासून गुळगुळीत झाली होती.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी त्यानंतर चार वर्षांनी संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली.

पण मला आठवते ती चाचांची नव्या टॅक्सीतली पहिली सकाळ. अम्मी खिडकीतून पाहत होत्या. गल्लीतली मुले गाडीभोवती उभी होती. चाचांनी किल्ली फिरवली. गाडी 'टिंग टिंग' करू लागली. चाचांनी इकडेतिकडे पाहिले. मुले ओरडली, "चाचा, पट्टा!" त्यांनी पट्टा ओढून बांधला. टिंग टिंग थांबले. मग त्यांनी क्लच दाबला आणि गिअर टाकण्यासाठी डावा हात वर, स्टिअरिंगजवळ नेला. पद्मिनीचा गिअरचा दांडा तिथे असे. नव्या गाडीचा गिअर खाली, दोन सीटांच्या मध्ये आहे. हाताला तिथे एक बारीक दांडी लागली. चाचांनी ती सवयीने खाली ओढली.

डिसेंबरची कोरडी सकाळ होती. आभाळात ढग नव्हता. आणि चाचांच्या नव्या टॅक्सीचे वायपर काचेवर खरर खरर फिरू लागले.